मी बसलोय ना

दादांच्या घरात तीन जण राहत होते. दादा, वहिनी आणि कंपनी.

दादा आणि वहिनी ही काही त्यांची खरी नावं नव्हेत, पण सगळी गल्ली त्यांना तशीच हाक मारायची आणि तीही मुकाट ओ द्यायची. कंपनीला मात्र कोणी कधी पाहिलं नव्हतं. ती वहिनींच्या धाकट्या भावाने काढून दिली होती. हा भाऊ लोकांचे कर भरून द्यायचं काम करायचा आणि जन्मापासून कशाला ना कशाला घाबरत आलेला होता.

"ताई, कंपनी म्हणजे कायद्याने एक वेगळी व्यक्ती," त्याने जेवता जेवता समजावलं होतं. "उद्या काही अंगाशी आलं, तर ते कंपनीच्या अंगाशी येणार. भावोजींच्या नाही."

"कंपनीला अंग असतं?" वहिनींनी विचारलं.

"नसतं. तीच तर सोय आहे."

वहिनींना हे पटलं. जेवायला नको, आजारी पडायला नको, आणि वर दुसऱ्याचं झेंगट आपल्या गळ्यात घेणार, असं माणूस घरात असायला कोणाची हरकत असणार? कंपनीचे संचालक दोनच, दादा आणि वहिनी. सभा स्वयंपाकघरात व्हायची.

दादा खुर्च्या बनवायचे आणि वहिनी त्यांच्या गाद्यांची रेक्झीनची कव्हरं शिवायच्या. दादांचा हात चांगला होता. अडचण जिभेची होती. गिऱ्हाईक आलं की ते खुर्ची कारखान्याच्या मधोमध ठेवत, तिच्यात धप्पकन बसत, मागे रेलून पुढचे दोन पाय हवेत उचलत आणि हात बांधून म्हणत, "घाबरता कशाला? मी बसलोय ना!"

एवढ्यावर थांबले असते तर ठीक होतं. पण हे वाक्य दादा खुर्चीत नसतानाही म्हणायचे. शेजाऱ्याचा नळ बिघडला, मी बसलोय ना. कोणाच्या मुलीला नोकरी लागेना, मी बसलोय ना. एका ओळखीच्या माणसाचं पोट बिघडलं होतं, त्यालाही दादांनी हेच सांगितलं, आणि त्याला बरं वाटलं. मेव्हणा म्हणायचा, "भावोजी म्हणजे चालतंबोलतं हमीपत्र आहेत." दादांना ते कौतुक वाटायचं.

मग गाण्याच्या बाई आल्या.

या बाई निवृत्त झालेल्या मंडळींचा गाण्याचा क्लास चालवायच्या. क्लाससाठी त्यांना खुर्च्या हव्या होत्या, कारण त्यांच्या विद्यार्थ्यांना जमिनीवर बसता यायचं, पण उठता यायचं नाही. त्यांना घाई होती आणि दादांनाही घाई होती. हातातलं एक मोठं काम रद्द झाल्यामुळे कंपनीला धाप लागली होती. लाकूड पुरतं वाळलं नव्हतं. दादांना ते हाताला कळत होतं. तरी त्यांनी खुर्च्या केल्या, आणि पोचवल्याही.

लाकूड हळूहळू आक्रसत गेलं आणि सांधे सुटायला लागले. एक दिवस क्लासमध्ये एक अवजड पोस्टमास्तर वरच्या पट्टीत सूर लावून बसले असताना त्यांच्या खुर्चीचे डावीकडचे दोन्ही पाय निघाले. पोस्टमास्तर आडवे झाले. पडताना त्यांनी सूर सोडला नाही, असं बाईंनी पुढे कोर्टात अभिमानाने सांगितलं. कंबरेला मुका मार बसला. त्यानंतर बाकीच्या खुर्च्याही एकेक करून तंगड्या पसरायला लागल्या आणि क्लास भिंतीला टेकून उभ्याने चालू झाला.

बाईंनी पैसे परत मागितले. तोवर कंपनी आडवी झाली होती. कारखान्याची जागा मालकाने परत घेतली, हत्यारं देणेकऱ्यांकडे गेली. दादांना खुर्च्या दुरुस्त करून द्यायच्या होत्या, पण आता त्यांच्याकडे साधी पटाशी उरली नव्हती.

"काही करू नका," मेव्हणा म्हणाला. "कंपनी बुडू दे. त्यासाठीच तर काढली होती."

"आणि बाईंच्या खुर्च्या?" दादांनी विचारलं.

"कंपनीने केल्या, कंपनी बघेल."

"कंपनीकडे काय आहे?"

"काही नाही," मेव्हणा समाधानाने म्हणाला.

पण कोर्टाचं समन्स आलं ते दोघांच्या नावाने होतं. प्रतिवादी एक, कंपनी. प्रतिवादी दोन, दादा, स्वतः, व्यक्तिशः. मेव्हण्याने ते वाचलं आणि पाणी मागितलं.

आता दादांच्या स्वतःच्या नावावर जगात काय होतं, तर शिलाई मशीन. घर भाड्याचं, भांडीकुंडी कोणी उचलून नेण्याच्या लायकीची नाहीत. मशीन मात्र चांगलं होतं. लोखंडी स्टँडचं, मोटारवालं, जाड रेक्झीनचे चार पदर एका दमात शिवणारं. कंपनीच्या आधी घेतलेलं, म्हणून दादांच्या नावावर. आणि कारखाना गेल्यापासून घर त्याच मशीनवर चाललं होतं. वहिनी दवाखान्यांच्या बाकांची आणि गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवत होत्या. मशीन गेलं, तर चूल गेली. दोन्ही एकाच खोलीत होती, त्यामुळे हे समजायला कोणाला कर सल्लागार लागत नव्हता.

"भावोजी, सगळे कागद कंपनीच्या नावाचे आहेत," मेव्हणा म्हणाला. "बिल कंपनीचं, पावती कंपनीची. तुम्ही स्वतः कुठे काही कबूल केलंय का? तोंडी? आठवून सांगा."

दादांनी आठवलं. त्यांचे कान लाल झाले.

"अरे देवा," मेव्हणा म्हणाला. "ते वाक्य?"

"बोललो असेन."

मेव्हणा खोलीत फेऱ्या मारायला लागला. खोली लहान असल्यामुळे त्या फेऱ्यांपेक्षा गिरक्याच जास्त होत होत्या. अचानक तो थांबला. "पण तुम्ही बसलाच होतात ना? खुर्चीत? गिऱ्हाइकाला दाखवायला?"

"बसलो होतो."

"झालं तर मग! 'मी बसलोय' म्हणजे मी बसलो आहे. खुर्चीत. जे दिसतंय ते तुम्ही सांगितलंत. यात हमी कुठे आली?"

दादांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी मशीनमध्ये दोरा ओवत होत्या. त्यांना हा अर्थ फारसा आवडला नाही, पण मशीन त्याहून जास्त आवडत होतं, म्हणून त्या दोराच ओवत राहिल्या.

छोट्या दाव्यांच्या त्या कोर्टात वकील चालत नव्हते. ज्याचं भांडण त्याने स्वतः तोंड उघडायचं. मेव्हण्याने डोकं लढवलं की दादांनी दादांच्या वतीने बोलावं आणि कंपनीच्या वतीने वहिनींनी, म्हणजे दोघं वेगळी आहेत हे न्यायाधीशांना डोळ्यांनी दिसेल. तो स्वतः मागच्या बाकावर बसला आणि हाताची नखं खाऊ लागला.

न्यायाधीश वयस्कर होते. चष्मा कपाळावर, आवाज कोरडा. त्यांच्यासमोर पोस्टमास्तरांची खुर्ची पुरावा म्हणून टेबलावर उताणी ठेवलेली होती. दादांना तिच्याकडे बघवेना.

"प्रतिवादी एक, कंपनी. आली आहे का?"

"आलेय," वहिनी उभ्या राहत म्हणाल्या.

"कंपनीचं म्हणणं काय?"

"लाकूड ओलं होतं साहेब. चूक झाली. पण कव्हर एकही उसवलेलं नाही, तेवढं लिहून घ्या."

न्यायाधीशांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, वाकून कव्हराची शिवण पाहिली आणि खरोखरच लिहून घेतलं. मागच्या बाकावर मेव्हण्याने डोळे मिटले. चूक कबूल करायचं ठरलं नव्हतं.

"भरपाई द्यायला कंपनीकडे काय आहे?"

"एक फलक आहे. आणि अर्धा डबा पॉलिश."

"फलकावर काय लिहिलंय?"

"कंपनीचं नाव."

"म्हणजे तो दुसऱ्या कोणाच्या कामाचा नाही."

"नाही साहेब."

"बसा," न्यायाधीश म्हणाले. "कंपनीचं उरकलं. आता प्रश्न राहिला प्रतिवादी दोनचा. बाई, तुम्ही या गृहस्थांना व्यक्तिशः का ओढलंत?"

गाण्याच्या बाई उभ्या राहिल्या. त्यांच्या आवाजाला त्या खोलीत माइक लागत नव्हता. "मी आधीच विचारलं होतं साहेब. म्हटलं, ही कंपनीबिंपनी मला कळत नाही, उद्या बंद पडली तर मी कोणाला धरायचं? तर हे म्हणाले, 'घाबरता कशाला, मी बसलोय ना!' मी पैसे कंपनीकडे बघून नाही दिले. यांच्याकडे बघून दिले."

"तुम्ही असं म्हणालात?" न्यायाधीशांनी दादांना विचारलं.

"म्हणालो. पण मी तेव्हा खुर्चीत बसलो होतो साहेब." दादा पाठ केलेलं बोलत होते आणि ते ऐकू येत होतं. "बसलो होतो म्हणून बसलोय म्हणालो."

"बाई तुमच्यासमोर उभ्या होत्या?"

"हो."

"त्यांना तुम्ही बसलेले दिसत नव्हतात?"

हा प्रश्न मेव्हण्याने पढवलेल्यात नव्हता.

"दुसऱ्यांदाही म्हणाले," बाई म्हणाल्या. "एका खुर्चीचा पाय हलायला लागला, तेव्हा मी फोन केला. म्हटलं, सगळ्या परत पाठवते, माझे पैसे द्या. तेव्हा यांच्या हातात कंपनी होती, पैसे मिळाले असते. तर पुन्हा तेच. 'बाई, मी बसलोय ना.' म्हणून मी थांबले. आणि मग पोस्टमास्तर पडले."

"फोनवर बोलताना तुम्ही बसला होतात?"

"आठवत नाही साहेब."

दादांना खोटं बोलता येत नसे. त्यांची मान आपोआप एका बाजूला कलायची आणि आवाज बारीक व्हायचा. आताही तसंच झालं.

"मागे मशीनची घरघर येत होती," बाई म्हणाल्या. "शिलाई मशीनची. माझे कान पक्के आहेत."

न्यायाधीशांनी मान वळवली. "कंपनी तिथे होती का?"

"होते साहेब," वहिनी पुन्हा उभ्या राहिल्या. "मशीनवर."

"मग तुम्ही सांगा. हे बसले होते की उभे होते?"

वहिनींना सगळं लख्ख आठवत होतं. त्या एका लांब बाकाचं कव्हर शिवत होत्या आणि रेक्झीनचं टोक जमिनीला लागू नये म्हणून दादा ते दोन्ही हातांवर तोलून उभे होते. फोन कान आणि खांद्याच्या मधे. बसायला त्या खोलीत एकच खुर्ची होती, आणि तिच्यावर वहिनी होत्या.

'बसले होते' एवढं म्हटलं की संपलं. मशीन वाचलं. कोणाला कळणारही नव्हतं. वहिनी काही हरिश्चंद्राच्या घराण्यातल्या नव्हत्या, गिऱ्हाइकाला उद्या देते म्हणून परवा देण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्यांनी तोंड उघडलं आणि त्यांना दवाखाना आठवला. त्यांच्या पोटाचं ऑपरेशन होतं. ढकलगाडीवरून आत नेत असताना त्यांनी दादांचा हात सोडला नव्हता आणि लहान पोरीसारख्या त्या रडायला लागल्या होत्या. दादा म्हणाले होते, "जा तू. मी बसलोय ना." शुद्धीवर आल्यावर त्यांना बाहेर आणलं तेव्हा दादा दाराशी त्याच बाकावर होते. त्यांनी काही खाल्लं नव्हतं. मधल्या काळात बाकाचा एक ढिला स्क्रू तेवढा त्यांनी नाण्याने आवळला होता.

या वाक्याला आज इथे नुसता बुडाचा अर्थ चिकटवला, तर मग तेव्हाही तेवढाच होता. वहिनींना ते सहन होईना. मशीन जाण्यापेक्षाही सहन होईना, याचं त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटलं आणि रागही आला.

"उभे होते," त्या म्हणाल्या.

मागच्या बाकावरून कपाळावर हात मारल्याचा आवाज आला.

"उभे होते, तर मग बसलोय कसं म्हणाले?"

"ते तसंच म्हणतात साहेब. त्याचा अर्थ, काही झालं तर मी निस्तरीन. तुम्ही काळजी करू नका."

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. "हे तुम्ही कंपनी म्हणून सांगताय, की पत्नी म्हणून?"

"कंपनीला यातलं काय कळतंय? बायको म्हणून सांगतेय."

न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं. मग त्यांनी निकाल दिला. कायदा कंपनीच्या मागे उभं राहू देतो, पण माणूस आपण होऊन पुढे आला आणि समोरच्याने त्याच्याकडे बघून व्यवहार केला, तर त्याला पुन्हा मागे जाता येत नाही. कंपनी आणि दादा, दोघांनी मिळून बाईंची रक्कम द्यायची. महिन्याची मुदत. बाहेर पडताना गाण्याच्या बाईंनी वहिनींना नमस्कार केला. बोलल्या काहीच नाहीत, आणि त्यांच्यासारखीला तेही जड गेलं असावं.

घरी येताना मेव्हणा दोघांच्या पुढे चालत होता, कारण त्याला कोणाचंच तोंड बघायचं नव्हतं. "एक शब्द!" तो वळून म्हणाला. "ताई, एका शब्दाचं काम होतं!"

"तुला कोणी असं म्हटलंय का कधी?" वहिनींनी विचारलं.

"काय म्हटलंय?"

"जाऊ दे. तुला नाही कळायचं."

दादा रागावलेत की काय, हे वहिनींना कळेना. घरी आल्यावर दादांनी मशीनला तेल घातलं, एवढंच.

महिनाभर दादा कामासाठी फिरले. आयुष्यात कोणाच्या हाताखाली काम न केलेला माणूस दारोदार जाऊन माझा हात बघा म्हणत होता, पण मंदी होती आणि लोक हात बघून पाठवून देत होते. मुदत संपली. गाण्याच्या बाईंनी आणखी थोडी वाट पाहिली आणि मग कोर्टाचा बेलिफ जप्तीचा हुकूम घेऊन आला.

बेलिफ थकलेला दिसत होता. जिना चढून आल्यावर त्याने आधी पाणी मागितलं आणि मग मशीनकडे पाहिलं. त्याने स्टँडला हात लावून किंचित उचलून बघितलं आणि परत ठेवलं.

"याला लय वजन आहे हो."

"लोखंडी आहे," दादा म्हणाले.

"मी एकटाच आलोय. बरोबरचा माणूस रजेवर आहे, माझी पाठ ही अशी, आणि तुमचा जिना तो तसा." बेलिफने हुकूम उलटापालटा केला. "हे बघा, हुकूम तुमच्या नावाचा आहे. या बाईंची वस्तू मला नेता येत नाही. मशीनवर तर बाईच बसलेल्या दिसतात. याची पावती आहे का कोणाच्या नावाची?"

"कुठे असेल आता," दादा म्हणाले. "जुनी गोष्ट आहे."

"मग मशीन बाईंचं आहे असं तुम्ही म्हणालात, तर मी तसं लिहितो आणि जातो. मला काय, माझी पाठ वाचेल." त्याने पेनाचं टोपण काढलं. "कोणाचं आहे?"

वहिनींनी मशीनवर हात ठेवला. कोर्टात जे सांगायचं ते सांगून झालं होतं. एकदा खरं बोलून भागलं, आता रोज काय उठून हेच करायचं? या माणसाने एकदा, फक्त एकदा खोटं बोलावं, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. त्यांनी दादांकडे पाहिलं. दादांची मान एका बाजूला कलली. वहिनींना आशा वाटली.

मग मान सरळ झाली.

"माझं आहे," दादा म्हणाले. "माझ्या पैशाने घेतलं, माझ्या नावावर घेतलं. लिहा."

बेलिफने सुस्कारा टाकला आणि लिहिलं.

वहिनींना रडू फुटलं. त्यांना दादांचा इतका राग आला की जवळचा कात्रीचा डबा उचलून भिरकावून द्यावासा वाटला. आणि त्याच वेळी, याच माणसाशी आपण लग्न केलं म्हणून ऊर भरून आला. दोन्ही एकदम झाल्यामुळे त्यांना नीट रडताही येईना. त्यांनी मशीनमधलं अर्धं शिवलेलं कव्हर सोडवलं, दोरा कापला आणि बाजूला झाल्या.

"तुम्ही राहू द्या," दादा बेलिफला म्हणाले. "पाठ धरेल तुमची." त्यांनी वाकून स्टँडचा खालचा दांडा धरला आणि जोर लावला. एक बाजू उचलली गेली, दुसरी जमिनीवर करकरली. एकट्याचं ते काम नव्हतंच.

वहिनींनी डोळे पुसले, पदर खोचला आणि दुसरी बाजू धरली.

"सावकाश हं," त्या म्हणाल्या. "पहिली पायरी उंच आहे."